खुंटी ठोकली, आता झोपू नका!

उच्चदाब वीजवाहिनी शेतातून कशी जाते, आणि शेतकऱ्याने केव्हा काय करावे

खांदेश्वरला लोकल सोडून मी पनवेल तालुक्यातल्या एका गावी भातपिकाच्या पाहणीला चाललो होतो. खांदेश्वर, कामोठे, खारघर हा पट्टा म्हणजे इमारतींच्या बरोबरीने लोखंडी मनोऱ्यांच्या रांगांचा. गावात पोचलो तर भाताची गोष्ट बाजूलाच राहिली. बांधावर बसलेल्या एका बाबांनी शेताच्या मधोमध उभ्या असलेल्या टॉवरकडे बोट केले आणि म्हणाले, "साहेब, जमीन गेली नाय, पण राहिली पण नाय."

उच्चदाब वाहिनीच्या सगळ्या प्रश्नाचे मर्म बाबांनी एका वाक्यात सांगितले. पनवेल-उरणच्या माणसाला भूसंपादन नवे नाही. सिडको १९७० साली आली, ९५ गावांच्या जमिनी नोटिफाय झाल्या, १९८४ चे आंदोलन झाले, साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादनात जमीन जाते, पण त्याची नोटीस येते, निवाडा होतो, सातबारा बदलतो. वीजवाहिनीत यातले काहीच होत नाही. सातबाऱ्यावर नाव तुमचेच राहते, शेतसाराही तुम्हीच भरता, पण तारेखाली घर बांधता येत नाही, उंच झाड लावता येत नाही आणि गिऱ्हाईक जमिनीला भाव देत नाही.

मी शेतीची पदविका घेतलेला माणूस, विजेचा इंजिनिअर नव्हे. पण पिकांच्या नुकसानीच्या पंचनाम्यांना जाता जाता वाहिनीचे काम पहिल्या खुंटीपासून शेवटच्या तारेपर्यंत बघितले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. शेतकऱ्याचे नुकसान जेवढे टॉवरने होते, तेवढेच ते उशिरा जागे झाल्याने होते. वाहिनी टप्प्याटप्प्याने उभी राहते, आणि प्रत्येक टप्प्यावर बोलण्याची एक वेळ असते. ती वेळ टळली की पुढे नुसते हेलपाटे.

हा प्रश्न आपल्याच दारात का?

रायगड जिल्हा विजेच्या तारांना शंभर वर्षांपासून ओळखतो. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि तिथली वीज तारांवरून थेट मुंबईत परळला पोचली. मागून १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा आले. पाणी आपल्या डोंगरातले, तारा आपल्या शेतांवरून, आणि गिरण्या मुंबईच्या. पुढे उरणचे वायू विद्युत केंद्र झाले, खारघरला ४०० के.व्ही.चे उपकेंद्र झाले. मुंबई तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली. तिला बाहेरची वीज न्यायची तर ती ठाणे-रायगडच्या जमिनीवरूनच जाणार.

या तारांचे महत्त्व १२ ऑक्टोबर २०२० ला साऱ्या देशाने पाहिले. पडघे, कळवा, खारघर भागातल्या ४०० के.व्ही. वाहिन्या पाठोपाठ बंद पडल्या आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबईला बाहेरून वीज आणणाऱ्या वाटा कमी पडतात, अशी चर्चा मग जोरात झाली. खारघर ते विक्रोळी ही ४०० के.व्ही.ची नवी वाहिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाली. आता ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले असून डिसेंबरपासून विमाने उडू लागली आहेत. विमानतळाच्या मागून गोदामे, हॉटेले, टोलेजंग वसाहती येणारच, आणि या सगळ्यांना वीज लागणार. तेव्हा नव्या वाहिन्या येतील हे धरूनच चालावे. वाहिनी येऊ नये असा हट्ट धरणे शहाणपणाचे नाही. ती येताना आपले किती नुकसान करते आणि त्याची भरपाई किती देते, हा खरा मुद्दा आहे.

एवढा दाब कशाला?

ठिबकच्या नळीचे उदाहरण घ्या. पाणी लांब न्यायचे तर दाब लागतो. विजेचेही काहीसे तसेच. तारेतून जितका प्रवाह जास्त, तितकी तार तापते आणि वीज वाया जाते. प्रवाह दुप्पट झाला तर तोटा चौपट होतो. म्हणून व्होल्टेज वाढवतात. तीच वीज कमी प्रवाहात जाते आणि तोटा एकदम खाली येतो. आपल्या राज्यात ११०, १३२, २२०, ४०० आणि ७६५ के.व्ही. अशा वाहिन्या आहेत. चंद्रपूरहून पडघ्याला येणारी ५०० के.व्ही.ची एकदिश वाहिनी तर ७५२ किलोमीटर लांब आहे. तुमच्या पंपाला वीज देणारी ११ के.व्ही.ची तार वेगळी आणि ही वेगळी. दोन्हींचे नियमही वेगळे.

कोणती वाहिनी किती दाबाची हे ओळखायची सोपी खूण सांगतो. तार ज्या चिनीमातीच्या किंवा काचेच्या चकत्यांच्या माळेला टांगलेली असते, त्या चकत्या मोजा. साधारण १३ ते १५ असतील तर २२० के.व्ही., आणि २३ ते २५ असतील तर ४०० के.व्ही. हल्ली चकत्यांऐवजी एकसंध काळपट किंवा लालसर दांडाही लावतात. तिथे टॉवरवरची पाटी वाचावी.

पहिला टप्पा: पाहणी आणि खुंटी

आधी नकाशावर दोन उपकेंद्रांमध्ये दोन-तीन मार्ग आखतात. गावठाण, शाळा, देवस्थान, जंगल, खाडी, रेल्वे, विमानांचा मार्ग हे टाळत त्यातला एक पक्का होतो. मग मोजणीची माणसे यंत्रे घेऊन शेतात येतात. जमिनीचा चढउतार मोजतात आणि कोणता टॉवर कुठे बसेल ते कागदावर मांडतात. २२० के.व्ही.ला दोन टॉवरमध्ये साधारण ३५० मीटर आणि ४०० के.व्ही.ला ४०० मीटर अंतर पडते. शेवटी जागेवर खुंटी ठोकतात किंवा दगडावर रंगाची खूण करतात.

सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. चार पोरे आली, रंग मारून गेली, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून आपण गप्प राहतो. काही जण रागाने खुंटी उपटून टाकतात. खुंटी उपटल्याने वाहिनी हलत नाही, कारण जागा नकाशावर आणि उपग्रहाच्या नोंदीत पक्की असते. पण टॉवर दहा-पंधरा मीटर पुढे-मागे सरकवायला वाव असतो तो याच वेळी. सरळ रेषेतला टॉवर रेषेवरच पुढे-मागे घेता येतो. शेताच्या मधोमध येणारा टॉवर बांधाजवळ गेला तर नांगरट सुटते, विहीर वाचते. मात्र जिथे वाहिनी वळते तिथला कोपऱ्याचा टॉवर हलवणे अवघड, कारण तो हलला की दोन्ही बाजूंच्या रेषा बदलतात. म्हणून खुंटी दिसली की पहिला प्रश्न विचारा, "हा सरळ टॉवर की वळणाचा?"

त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या. गट नंबर, विहीर, बोअर, पाइपलाइन, फळझाडे, घर हे सगळे हाताने काढलेल्या नकाशात दाखवा. एक प्रत वाहिनीच्या कार्यालयाला, एक प्रांत साहेबांना आणि एक ग्रामपंचायतीला. पोच घ्या. तोंडी सांगितलेले हवेत विरते.

कायदा काय म्हणतो?

"माझ्या संमतीशिवाय पाऊल टाकू देणार नाही," असे गावोगाव ऐकायला मिळते. यात अर्धे खरे आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम ६८ प्रमाणे हवाई वाहिनीला शासनाची मंजुरी लागते. त्यापुढे कलम १६४ खाली सरकार त्या कंपनीला जुन्या १८८५ च्या तार कायद्याचे अधिकार देऊ शकते. ते अधिकार मिळाले की जमीनमालकाची आगाऊ संमती बंधनकारक राहत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०१६ मध्ये एका प्रकरणात हेच सांगितले. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानेही वीजवाहिन्यांपुरता तो जुना भाग कायम ठेवला आहे. पण हे अधिकार नसतील, तर २००६ च्या नियमांप्रमाणे मालकाची संमती घ्यावी लागते. म्हणून दुसरा प्रश्न असा विचारा, "तुम्हाला कलम १६४ चा आदेश आहे का? त्याची प्रत दाखवा."

जुन्या तार कायद्यात शेतकऱ्याच्या बाजूचीही कलमे आहेत. कलम १० म्हणते की कंपनीला जमिनीवर फक्त वापराचा हक्क मिळतो, नुकसान होता होईल तेवढे कमी करायचे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची. कामाला हरकत असेल तर प्रकरण कलम १६ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाते. भरपाईच्या रकमेवर वाद असेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. तेव्हा काम अडवण्याचे आणि भरपाई भांडून घेण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत, ही गोष्ट गावाने समजून घ्यावी. पहिल्यात बहुधा हार होते, दुसऱ्यात कागद पक्के असतील तर पैसे मिळतात.

दुसरा टप्पा: पाया

टॉवरला चार पाय, म्हणून चार खड्डे. खड्डा किती खोल आणि रुंद हे जमीन ठरवते. कठीण खडकात लहान पाया भागतो. भातखाचरात पाणी वर असते, तिथे पाया मोठा घ्यावा लागतो. पनवेल-उरणच्या खारजमिनीत तर माती भुसभुशीत असल्याने खांब खोल रोवून त्यावर पाया घेतात. कांदळवन असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय एकही झाड तोडता येत नाही. खड्ड्यात टॉवरच्या पायांचे खालचे तुकडे सांगाडा लावून नेमक्या कोनात उभे करतात, लोखंडी सळ्या बांधतात आणि काँक्रीट ओततात. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात. तोवर पाणी मारायचे असते. वरून कुणी घाई करत असेल तर ते टॉवरच्याही हिताचे नाही आणि खाली राबणाऱ्या आपल्याही.

शेतकऱ्याचे खरे नुकसान इथे सुरू होते. खडी, वाळू, सिमेंट, मिक्सर, जेसीबी असे सगळे तुमच्या बांधावरून येते. आपल्या कोकणातल्या खाचराचा बांध म्हणजे नुसती हद्दीची रेघ नव्हे. तो पाणी धरतो. बांध फुटला की खालच्या चार खाचरांचे गणित बिघडते. खोदलेली मुरमाड माती वरच्या सुपीक थरावर पसरली तर दोन-तीन हंगाम तिथे भात पिवळा पडतो.

एक अनुभव सांगतो. एका गावात पाया मार्चमध्ये झाला. शेतकरी भला माणूस, म्हणाला, "काम होऊन जाऊ द्या, नंतर बघू." कंत्राटदाराच्या माणसाने कोऱ्या छापील पंचनाम्यावर सही घेतली. पावसाळ्यात फुटलेल्या बांधातून पाणी वाहून गेले, लावणी वाया गेली. मला बोलावले तेव्हा सप्टेंबर उजाडला होता. कागद काढून पाहिला तर नुकसानीच्या रकान्यात "पडीक जमीन, पीक नाही" असे लिहिलेले आणि खाली त्याचीच सही. मार्चमध्ये पीक नव्हते हे खरेच होते! पण बांध, पाइप आणि वरची माती यांचा उल्लेखच नव्हता. मी नवीन पंचनामा केला, पण आधीच्या सहीने तो लंगडाच राहिला.

म्हणून तीन नियम पाळा. कोऱ्या कागदावर सही नाही. काम सुरू होण्याआधी शेताचे फोटो, त्यात बांध आणि झाडे दिसतील असे, तारखेसह. आणि वरची एक वीतभर माती वेगळी ढिगात ठेवायला सांगून ती शेवटी परत पसरून घ्यायची. ही शेवटची अट काम करणाऱ्यांना फुकट पडते, पण शेतकऱ्याची दोन वर्षे वाचवते.

तिसरा टप्पा: टॉवर उभा करणे

पायावर लोखंडी कोनांचे तुकडे बोल्टने जोडत टॉवर वर चढवतात. गँगचे मजूर एका उंच दांड्याला पुली बांधून खालचा तुकडा वर ओढतात आणि पुढचा माणूस तो जागेवर बसवतो. यात जीव धोक्यात घालणारी माणसे बहुधा परराज्यांतली असतात. त्यांना प्यायला पाणी आणि बसायला सावली द्यायला विसरू नका, भांडण त्यांच्याशी नाही.

टॉवर उभा झाला की तो जमिनीला अर्थिंगने जोडतात, वर चढू नये म्हणून काटेरी अडसर लावतात, धोक्याची पाटी आणि टॉवरचा नंबर लावतात. तो नंबर वहीत लिहून ठेवा. पुढे कसलीही तक्रार करायची तर "आमच्या शेतातला टॉवर" म्हणून चालत नाही, नंबर लागतो. खालचे कोन कोणी चोरून नेले तर वादळात टॉवर वाकतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आपल्या जिल्ह्यातले विजेचे खांब कसे लोळवले ते आपण विसरलेलो नाही. टॉवरचा तुकडा गायब दिसला तर कळवणे आपल्याच फायद्याचे.

चौथा टप्पा: तार ओढणे

टॉवरच्या हातांना इन्सुलेटरच्या माळा आणि त्याखाली पुल्या टांगतात. आधी बारीक दोर सोडतात, दोराच्या मागून पोलादी तार आणि तिच्या मागून खरी वाहक तार. ही तार ॲल्युमिनियमची, आत पोलादाचा गाभा. एका टोकाला ओढणारे यंत्र आणि दुसऱ्या टोकाला ताण धरणारे यंत्र, म्हणजे तार जमिनीवर न घासता हवेतूनच पुढे सरकते. त्यानंतर झोळ, म्हणजे तार मध्ये किती खाली लोंबावी, ते ठरवतात. उन्हाळ्यात तार तापून सैल पडते, म्हणून सगळ्यांत जास्त तापमान धरून हिशेब करतात. २२० के.व्ही.ची तार जमिनीपासून किमान ७ मीटर आणि ४०० के.व्ही.ची ८.८४ मीटर उंच राहिली पाहिजे. सगळ्यांत वर जी एकटी तार दिसते ती वीज पडली तर झेलणारी.

तार ओढताना यंत्रे आणि माणसे थेट शेतांतून जातात. पाया, उभारणी आणि तार अशी तीन वेळा पिकाची नासाडी होऊ शकते. तिन्ही वेळचे पंचनामे वेगळे करून घ्या. वाल-पावटा उभा असताना गँग आली तर तो हंगाम धरून किंमत लावायची. फळझाडे तोडली तर झाडाचे वय आणि उत्पन्न यावर मूल्यांकन होते, नुसत्या लाकडाची किंमत घेऊन गप्प बसायचे नाही. पीक आणि झाडांची भरपाई वेगळी, जमिनीचा मोबदला वेगळा. दोन्हींची बेरीज करून एकच आकडा कोणी दाखवत असेल तर फोड मागा.

पैशाचा हिशेब: टॉवर छोटा, पट्टा मोठा

टॉवर डोळ्यांत भरतो, म्हणून सगळे भांडण टॉवरचे होते. पण जमिनीचा मोठा तुकडा तारेखालच्या पट्ट्यात अडकतो. या पट्ट्याची रुंदी ठरलेली आहे. ११० के.व्ही.ला २२ मीटर, १३२ ला २७, २२० ला ३५ आणि ४०० ला ४६ मीटर. या पट्ट्यात बांधकामाला परवानगी नाही.

केंद्र सरकारच्या १५ ऑक्टोबर २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के धरले होते. १४ जून २०२४ च्या सूचनांनी टॉवरखालच्या जागेला २०० टक्के आणि पट्ट्याला ३० टक्के केले. टॉवरखालची जागा म्हणजे चार पायांमधली जागा अधिक प्रत्येक बाजूला एक मीटर. २१ मार्च २०२५ च्या पुरवणीने पट्ट्याचा दर वाढवला तो शहरांसाठी. ग्रामीण भागाला ३० टक्केच, नगरपालिका-नगरपंचायत भागाला ४५ आणि महानगरपालिका-महानगर भागाला ६० टक्के.

एक नमुना हिशेब करू. जमिनीचा दर आरला (१०० चौरस मीटरला) ५०,००० रुपये समजा. हा दर फक्त हिशेबापुरता. टॉवरच्या पायांमधली जागा ८ बाय ८ मीटर, म्हणजे दोन्हीकडे एक मीटर धरून १० बाय १०, बरोबर एक आर. २२० के.व्ही.ची तार शेतातून २०० मीटर जाते. पट्टा ३५ गुणिले २०० म्हणजे ७,००० चौरस मीटर, ७० आर.

टॉवरचे २०० टक्क्यांनी १,००,००० रुपये.
पट्ट्याची पूर्ण किंमत ३५,००,००० रुपये. तिचे ३० टक्के १०,५०,०००, ४५ टक्के १५,७५,००० आणि ६० टक्के २१,००,००० रुपये.
२०१५ च्या जुन्या सूचनांनी हेच टॉवरचे ४२,५०० आणि पट्ट्याचे फार तर ५,२५,००० झाले असते.

पाहा, एक लाखाच्या टॉवरसाठी आपण वर्षभर भांडतो आणि दहा-वीस लाखांच्या पट्ट्याची साधी मोजणीही करून घेत नाही! ज्याच्या शेतात टॉवर नाही, नुसती तार आहे, तो तर आपला हक्कच नाही असे समजून घरी बसतो. तोही तेवढाच हक्कदार आहे.

पनवेलकरांसाठी यात आणखी एक मेख आहे. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली आणि २९ गावे तिच्यात गेली. एकच वाहिनी, एकाच मालकाची जमीन, पण हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे पट्ट्याचा दर वेगळा पडू शकतो. शिवाय किंमत सरकारी दरपत्रकाची की बाजारभावाची, हाही प्रश्न आहे. बाजारभाव जास्त असेल तर तो ठरवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समितीची तरतूद २०२५ च्या पुरवणीत आहे. गावाने एकत्र येऊन अलीकडची खरेदीखते गोळा करून ठेवली तरच तिथे बोलता येईल.

एक सावधगिरी मात्र हवी. केंद्राच्या सूचना आंतरराज्य वाहिन्यांना धरून आहेत. महापारेषणसारख्या राज्यातल्या वाहिनीला राज्य शासनाचा निर्णय लागतो. ३१ मे २०१७ चा शासन निर्णय बऱ्याच जणांना तोंडपाठ आहे. पण तुमच्या वाहिनीला कोणत्या तारखेचा निर्णय लावला, हे मोबदल्याच्या पत्रावरच लिहून मागा. एका ओळीचे हे उत्तर पुढच्या सगळ्या भांडणाचा पाया असतो.

जमिनीखालून का नेत नाही?

हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो, आणि तो बरोबर आहे. विमानतळाच्या जागेवरून जाणाऱ्या उच्चदाब वाहिन्या उचलून दुसरीकडे न्याव्या लागल्या, काही भाग जमिनीखालून गेला. मग शेतकऱ्याच्या वेळीच अडचण का? उत्तर पैशाचे आहे. भूमिगत केबलचा खर्च हवाई तारेच्या कित्येक पट येतो, बिघाड शोधायला वेळ लागतो आणि केबलवरही खोल मुळांचे झाड लावता येत नाही, विहीर खोदता येत नाही. विमानाला तार आडवी आली की दुसरा उपायच नसतो, म्हणून तिथे खर्च होतो. सगळ्या शेतातून केबल जाणार नाही, हे आपण मान्य करू. पण शहराचा खर्च वाचवणारा माणूस शेतकरी आहे, हे सरकारनेही मान्य करावे. पट्ट्याचा मोबदला ही मेहेरबानी नव्हे, ते त्या बचतीतले शेतकऱ्याचे वाटप आहे. त्यातही शहरातल्या पट्ट्याला ६० टक्के आणि खेड्यातल्या पट्ट्याला ३०, हे कोडे मला सुटत नाही. जमिनीची किंमत खेड्यात आधीच कमी धरली आहे, मग टक्काही कमी कशासाठी?

तारेखालची शेती

वाहिनी सुरू झाली की पुढची पन्नास वर्षे आपल्याला तिच्याखाली राबायचे आहे. भात, वाल, भाजीपाला खुशाल घ्या. आंबा, नारळ, सागवान पट्ट्याबाहेर लावा. फांदी आणि तार यांत २२० के.व्ही.ला ४.६ मीटर आणि ४०० ला ५.५ मीटर अंतर राहिलेच पाहिजे. वीज तारेला चिकटल्यावरच धरते असे नाही, जवळ गेले तरी झेप घेते.

राब तारेखाली भाजू नका. धुराच्या लोटातून वीज खाली उतरते, वाहिनी बंद पडते आणि खाली उभ्या माणसाच्या जिवाला धोका होतो. राबाची जागा बदला. भाताची उडवी तारेखाली रचू नका, पेंढ्याच्या ट्रकवर माणूस उभा करून तिथून नेऊ नका. बोअरची गाडी पट्ट्यात उभी करू देऊ नका, तिचा उंच दांडा तारेजवळ जातो. काकडी, दुधी, कारल्याचा तारेचा मांडव वाहिनीखाली असेल तर त्याला झिणझिण्या येतात. मांडवाच्या तारा जागोजागी जमिनीला अर्थ करून घ्या. लोखंडी कुंपणाचेही तसेच. तार तुटून पडली तर जवळ जाऊ नका, गुरे दूर ठेवा आणि उपकेंद्राला फोन करा.

गावाने काय करावे?

ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी, ज्यांना आपण अजून ग्रामसेवक आणि तलाठीच म्हणतो, यांना एक विनंती. वाहिनीचा मार्ग कळताच त्यावरच्या गटांची यादी चावडीवर लावा. कुळ, वाटणी, वारस यांच्या नोंदी अडलेल्या असतात, त्या आधी पुऱ्या करा. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो, आणि मेलेल्या आजोबांच्या नावावर आलेले पैसे कोर्टात पडून राहतात. आमच्या कृषी खात्याच्या माणसानेही पंचनाम्याला बोलावण्याची वाट न बघता पाया खोदताना एकदा जाऊन यावे.

निघताना त्या बाबांना मी विचारले, "पट्ट्याचे पैसे मिळाले का?" ते म्हणाले, "पट्टा म्हंजे काय?" टॉवरला उभे राहून बरीच वर्षे झाली आहेत. इतक्या उशिराने काय हाती लागेल, मी सांगू शकत नाही. त्यांना घेऊन प्रांत कार्यालयात जायचे मात्र ठरले आहे. तुमच्या शेतात खुंटी अजून ठोकायची असेल, तर तुम्ही त्यांच्यापेक्षा नशीबवान आहात. तहान लागल्यावर विहीर खणू नका, एवढेच सांगणे.